चष्मा नसलेलं चष्म्याचं घर

मित्रांनो, मी एक जुनं चष्म्याचं घर आहे. घर म्हणतात मला, पण गेली कित्येक वर्षं माझ्यात चष्मा राहायला नाही. माझं रेक्झिन कोपऱ्यांवर सोललं आहे, आतली तांबडी मखमल विटून विटकरी झाली आहे. तरी मी रोज बंगळूरच्या बसमधून फिरतो. ते कसं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म यशवंतपूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. पत्र्याच्या तुकड्यावर यंत्राचा एकच दणका बसला आणि माझं अंग वाकलं. एका बाईने मला बिजागरी बसवली, दुसरीने बाहेरून काळं रेक्झिन चिकटवलं, तिसरीने आतून मखमल लावली. मग माझ्यासारखी शंभर घरं एका खोक्यात भरून चष्म्याच्या दुकानात गेली. तिथे आम्हाला कोणी विकत घेत नाही. चष्म्याबरोबर आम्ही फुकट जातो.

मी गेलो पद्मावतीअक्कांबरोबर. तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळूरला आलं आणि इथलंच झालं. घरात अजून मराठी बोलतात, पण वाक्याच्या मध्येच ‘जरा’साठी ‘स्वल्प’ किंवा ‘बरं’साठी ‘सरी’ असा कानडी शब्द येऊन बसतो आणि कोणाला ते खटकतही नाही. त्या आणि त्यांचे यजमान प्राणेशराव विल्सन गार्डनमधल्या एका लहानशा घरात राहत. प्राणेशराव विम्याच्या कचेरीत होते, आणि अक्का बोम्मसंद्र्याच्या एका पंपांच्या कारखान्यात मालाच्या तपासनीस.

काय ते दिवस होते! सकाळी आठच्या ठोक्याला अक्का मला टेबलावर ठेवत, चष्मा काढून डोळ्यांना लावत आणि समोरच्या पितळी कड्यांच्या ढिगात हात घालत. कडेवर केसाएवढी धार राहिली असली तरी ती कडी बाजूला पडे. “अक्कांनी पास केलं म्हणजे मग बघायला नको,” असं यंत्रांवरचे कामगार म्हणत. माझी छाती फुगायची. चष्म्याला मीच तर सांभाळत होतो! एकदा तर मी टेबलावरून खाली पडलो, माझ्यावरून मालाची गाडी गेली, मला कायमचा एक पोचा आला, पण आतल्या काचेला ओरखडा नाही. अक्कांनी मला पदराने पुसलं आणि म्हणाल्या, “शाबास रे.” ते शब्द मी अजून विसरलो नाही.

अठरा वर्षं अशी गेली. मग अक्कांना कडेकडेने दिसेनासं होऊ लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, फार उशिरा कळला. थेंब सुरू झाले, शस्त्रक्रिया झाली, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. प्रत्येक नवा चष्मा माझ्यात येऊन राहिला आणि प्रत्येक वेळी उजेड थोडा आणखी आत सरकला. शेवटी एका दुपारी अक्का खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “लावला काय नि न लावला काय, सारखंच आहे.” त्यांनी नोकरी सोडली. चष्मा कोणा गरजूला दिला आणि मी गेलो स्वयंपाकघरातल्या खणात.

त्या खणाला घरात ‘असू दे खण’ म्हणत. जे काही टाकवत नाही ते “असू दे” म्हणून त्यात पडे. सुटी बटणं, रबरबँड, सेफ्टी पिना, तुटलेल्या पैंजणाची घुंगरं, काथ्याची एक लडी. चार वर्षं मी त्यांच्यात पालथा पडून होतो. मित्रांनो, नुसतं पडून राहण्याचं दुःख पोचा पडण्याहून मोठं असतं. बाहेर अक्कांचंही तसंच चाललं होतं. रुग्णालयातल्या बाईंनी त्यांना पांढरी काठी दिली होती, ती धरून चालायला शिकवलंही होतं. पण प्राणेशराव काळजीने त्यांना एकटं सोडत नसत. बाहेर पडायचं म्हटलं की ते दंड धरून चालवत. काठी दाराआड घडी घालून उभी असे.

मग एके दिवशी फोन आला. कारखान्यात शिकाऊ म्हणून आलेला श्रीवत्स आता तिथे व्यवस्थापक झाला होता.

“अक्का, गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घ्यायला माणूस हवंय,” तो म्हणाला. “कुठल्या पंपात कुठली कडी बसते, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? पण नोंद कॉम्प्युटरवर करावी लागेल. धारवाडला एक केंद्र आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटर वापरायला तिथे तीन महिन्यांत शिकवतात. तुम्ही शिकून या, जागा मी तोवर राखतो. त्याहून जास्त मात्र माझ्या हातात नाही.”

अक्कांनी केंद्राला फोन लावला. तिथल्या स्मिताबाईंनी सगळं सरळ सांगितलं. तुकडी पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू होणार. राहायचं तिथेच. कपडे, औषधं, आंघोळीचं सामान ज्याचं त्याने सांभाळायचं. पहिला आठवडा पारखतात. ज्याला जमत नाही त्याला घरी पाठवतात, आणि पुढची तुकडी एकदम वर्षाने.

“मी जाणार,” अक्का म्हणाल्या.

“मी सोडायला येतो,” प्राणेशराव म्हणाले.

“तिथे तीन महिने एकटं राहायचंय. मग गाडीतच हात धरून कशाला? एकटीच जाते.”

“पद्मा, स्वल्प विचार कर गं!”

विचार त्यांनी केलाच होता. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी जरा गोंधळ झाला. घरच्याच न्हाणीघरात त्यांनी ब्रशवर टूथपेस्टऐवजी गुडघ्याला लावायचं मलम घेतलं. तोंडाची आग आग झाली. प्राणेशराव पाण्याचा तांब्या घेऊन धावले. चूळ भरून झाल्यावर ते हळूच म्हणाले, “घरात ही गत, तिथे काय होईल?”

तोंड पुसून अक्का सरळ स्वयंपाकघरात आल्या, आमचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि जमिनीवर उपडा केला. बोटांनी एकेक वस्तू चाचपू लागल्या. एक रबरबँड सापडला, तो त्यांनी मलमाच्या नळीला दोन वेढे देऊन बसवला. “आता चुकून दाखव,” त्या मलमालाच म्हणाल्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची निधी आली. ही पुण्याची मुलगी, आयटीत नोकरी करणारी, दर शनिवार-रविवारी कुठेतरी भटकणारी. जमिनीवरचा पसारा बघून आणि अक्कांचा बेत ऐकून तिचे डोळेच चमकले असावेत, कारण ती बसकण मारून बोलतच सुटली.

“काकू, ट्रॅव्हल हॅक्स मला विचारा! रुपया खर्च न करता. घरातल्याच वस्तू. उशीच्या अभ्र्यात रोल केलेले कपडे भरायचे, गाडीत तीच उशी. दुधाची पिशवी धुऊन त्यात ओला साबण. आणि बॅग ओळखायला हँडलला मस्त लाल रिबन!”

“अभ्रा घेतला, दुधाची पिशवी घेतली,” अक्का म्हणाल्या. “लाल रिबन मला काय करायची?”

निधीने जीभ चावली. “सॉरी काकू.”

“सॉरी कशाला? तू डोळ्यांच्या युक्त्या सांग, मी त्यांच्या बोटांच्या करते.”

मग तीन आठवडे त्या दोघींचा तोच उद्योग झाला. पिशवीच्या मुठीला लाल रिबनीऐवजी खरखरीत काथ्या गुंडाळला, हात लागताच टोचणारा. साडी, तिच्यावरचं पोलकं आणि परकर एकत्र गुंडाळून एकेका पिनेने टाचले, म्हणजे एक गुंडाळी काढली की सगळा जोड हातात. खोबरेल तेलाच्या बाटलीला एक रबरबँड, शांपूच्या बाटलीला दोन. पिशवीच्या चेनला पैंजणातलं घुंगरू. “बॅग कोणी हलवली की कळेल!” निधी टाळी वाजवून म्हणाली. अक्का एकेक गोष्ट दहा-दहा वेळा करून बघत. चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि मी? अक्कांच्या बोटांना मी त्या पसाऱ्यात पहिल्याच दिवशी सापडलो होतो. त्यांनी माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला आणि मला ओळखलं. माझ्यात त्यांनी बटणं ठेवली. जितके थांबे तितकी बटणं. गाडी थांबली की एक बटण माझ्यातून काढून पर्समध्ये टाकायचं. मी रिकामा झालो की उतरायचं. ही युक्ती निधीची नाही, अक्कांची स्वतःची.

ती पारखायला त्यांनी आनेकलला एकटं जायचं ठरवलं. तिथे त्यांची कारखान्यातली मैत्रीण धनलक्ष्मी राहत होती. बसमध्ये बसल्यावर त्यांनी मला मांडीवर उघडलं. बस थांबली, एक बटण गेलं. पुन्हा थांबली, दुसरं गेलं. पण मित्रांनो, होसूर रोडवरची बस काय फक्त थांब्यावर थांबते? सिग्नलला थांबते, लॉरीमागे थांबते, उगाचच थांबते. मी रिकामा झालो, अक्का उतरल्या, आणि उतरताच त्यांच्या नाकात धातू कापताना यंत्रात सोडतात त्या तेलाचा वास भरला. अठरा वर्षं ओळखीचा वास. आनेकल नव्हतं ते, त्याच्या अलीकडचं बोम्मसंद्रा होतं! ऊन रणरणत होतं, चारी बाजूंनी लॉऱ्यांचे भोंगे. अक्का काठी घट्ट धरून उभ्या राहिल्या. कोणाला विचारावं म्हणून तोंड उघडणार, एवढ्यात त्यांचा दंड कोणीतरी धरला.

“मी आहे गं. चल घरी.”

प्राणेशराव! पहिल्या थांब्यापासून ते त्याच बसमध्ये मागे बसून आले होते.

अक्कांनी दंड हिसडून सोडवला. मला वाटलं भीतीने. पण आवाज ऐकल्यावर कळलं, तो राग होता. “तुम्ही मागे होतात म्हणजे मी एकटी आलेच नाही. माझं चुकलं असतं तर मी निस्तरलं असतं. मला निस्तरूही दिलं नाहीत तुम्ही.”

घरी येईपर्यंत मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो, कारण चुकीची गणती माझ्याच पोटात झाली होती. अक्का आता मला पुन्हा खणात टाकणार, हे मी धरूनच चाललो होतो. त्यांनी टाकलं नाही. त्या पलंगावर बसून माझं झाकण उघडत-मिटत बराच वेळ राहिल्या. मग म्हणाल्या, “बटणांचं काही चुकलं नाही. मी तोंड मिटून बसले, ते चुकलं. इथून पुढे थांब्याचं नाव कानावर आल्याशिवाय बटण हलवायचं नाही. नाव नाही ऐकू आलं तर विचारायचं. दहादा विचारायचं.”

दोन दिवसांनी त्या पुन्हा निघाल्या. दारात थांबून त्यांनी प्राणेशरावांना एवढंच सांगितलं, “तुम्ही घरातच बसायचं. तेवढी मदत करा.” आणि प्राणेशराव बसले. त्यांच्यासाठी ते किती अवघड होतं ते मला नंतर निधीच्या तोंडून कळलं. त्यांनी म्हणे सकाळभरात घरातला प्रत्येक दिवा काढून पुसला होता. इकडे अक्कांनी बसमध्ये कंडक्टरला विचारून, शेजारणीला विचारून त्या दोघांचं डोकं खाल्लं. आनेकलला उतरल्या तेव्हा धनलक्ष्मी थांब्यावरच होती. तिने आधी प्राणेशरावांना फोन लावला. “पोचली हो तुमची मंडळी. डाव्या पायात चप्पल, उजव्या पायात चप्पल, सगळं जागच्या जागी आहे.” मग प्राणेशराव म्हणाले, “सरी. जेवायला घाल तिला.”

शेवटी निघायचा दिवस उजाडला. यशवंतपूर स्टेशनवर प्राणेशरावांनी अक्कांना डब्याच्या दारापर्यंत सोडलं आणि ते बाहेरच थांबले. गाडी सकाळची होती. धारवाडपर्यंत दहा थांबे, माझ्यात दहा बटणं. शेवटचं मोठं, कोटाचं, चार भोकांचं. ते धारवाडचं. तुमकूर गेलं, अरसीकेरे गेलं, बिरूर, चिकजाजूर. प्रत्येक वेळी अक्का विचारत, “कुठलं स्टेशन?” आणि नाव ऐकल्यावरच बटण उचलत. दावणगेरेला त्यांनी डबा उघडून दहीभात खाल्ला. हरिहर, राणीबेन्नूर, हावेरी. मध्येच गाडी रानात उगाच थांबली, पण आमचं बटण हललं नाही.

हुबळीला मोठी गडबड उडाली. निम्मा डबा उतरत होता. अक्का नववं बटण काढतात न काढतात तोच घुंगरू वाजलं. त्यांनी बाकाखाली हात घातला. पिशवी नव्हती! घुंगरू वाजत वाजत दाराकडे चाललं होतं.

त्या पिशवीत त्यांचे तीन महिने होते. डोळ्यांचे थेंब, कपडे, केंद्राचे कागद. अक्का उठल्या. एका मुठीत मी, दुसऱ्या मुठीत काठी. “स्वल्प सरका, सरका!” म्हणत त्या दारापर्यंत गेल्या. घुंगराचा आवाज आता खाली फलाटावर होता आणि लांब चालला होता. गाडी किती वेळ थांबणार ते ठाऊक नाही. मला वाटलं, आता या दारातच थांबतील. त्यांनी काठीने पायरी चाचपली आणि त्या उतरल्या. फलाटावर उभ्या राहून त्यांनी अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात कन्नडमध्ये हाक दिली.

“निळी पिशवी ज्यांनी घेतलीय ते, उभे राहा! मुठीला काथ्या आहे का बघा! ती माझी आहे!”

घुंगरू थांबलं. मग झपाझप परत येऊ लागलं.

“अय्यो, क्षमा करा अक्का,” तो माणूस धापा टाकत म्हणाला. नागराज त्याचं नाव, हुबळीलाच त्याचं दुकान होतं. “माझीही निळीच आहे. रंग बघितला आणि उचलली. हाताला टोचत होतं, पण घाईत लक्षच दिलं नाही.”

“तुमची पिशवी बाकाखालीच असेल, आधी ती घ्या,” अक्का म्हणाल्या.

नागराज चढून आपली पिशवी घेऊन आला. इंजिनाची शिटी झाली. त्याने घाईघाईने अक्कांचा दंड धरून त्यांना वर ओढायला सुरुवात केली.

“ओढू नका, पडेन मी. दांडी कुठे आहे तेवढं सांगा.”

“उजव्या हाताला. खांद्याच्या उंचीवर.”

अक्कांनी दांडी पकडली, पायरी चाचपली आणि चढल्या. पिशवी त्याने मागून दिली. गाडी हलली. जागेवर बसल्यावर त्यांनी मला इतकं घट्ट धरलं होतं की माझ्या बिजागरीची एक खीळ निसटली. त्याचं मला काहीच वाटलं नाही. धारवाडचं नाव कानावर आल्यावरच ते चार भोकांचं बटण निघालं आणि आम्ही उतरलो.

मित्रांनो, केंद्रातला पहिला आठवडा सोपा गेला असं मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी अक्का खोली चुकल्या, तिसऱ्या दिवशी चहा सांडला, चौथ्या दिवशी कॉम्प्युटर इतक्या भरभर बोलू लागला की त्या रडकुंडीला आल्या. पण त्यांचं सामान एकदाही चुकलं नाही. शनिवारी स्मिताबाई खोलीत आल्या, गुंडाळ्या चाचपल्या, बाटल्या चाचपल्या. त्याही अक्कांसारख्याच, बोटांनी बघणाऱ्या. म्हणाल्या, “हे कोणी शिकवलं?”

“निम्मं शेजारच्या पोरीने. निम्मं गुडघ्याच्या मलमाने.”

स्मिताबाई खळखळून हसल्या. “राहा मग. आणि सोमवारी बाकीच्यांनाही दाखवा.”

तीन महिन्यांनी आम्ही यशवंतपूरला उतरलो. प्राणेशराव फलाटावर होते. त्यांचा श्वास मला जवळ ऐकू येत होता, पण त्यांनी दंड धरला नाही. मग त्यांनी विचारलं, “पद्मा, हात देऊ का?”

“पिशवी घ्या,” अक्का म्हणाल्या. “जड आहे. आणि कोपर द्या, मी धरते.”

आज अक्का बोम्मसंद्र्याला आपल्या जुन्याच कारखान्यात फोन घेतात. माझी बिजागरी दोऱ्याने बांधली आहे. निधीने वाढदिवसाला नवं चकचकीत चष्म्याचं घर आणून दिलं होतं. अक्कांनी ते घेतलं, त्यात कानातले ठेवले. मी मात्र पर्समध्येच आहे. माझ्यात आता इयरफोन राहतात, डोळ्यांचे थेंब राहतात आणि बसचा पास राहतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा ‘असू दे खण’ असेल. तो एकदा उघडा. त्यातलं काही फेकण्याआधी हातात धरून बघा, ते अजून कोणाच्या तरी वाटेवर उपयोगी पडेल. आणि माणसांनाही अशा खणात घालू नका, प्रेमानेसुद्धा नाही. बसथांब्यावर पांढरी काठी घेतलेलं कोणी दिसलं तर आधी विचारा, मग हात द्या. ते नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. येणाऱ्या बसचा नंबर तेवढा मोठ्याने वाचा.